शाळेच्या नेटवर रिमोट का चालत नाही?



'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द आपल्याकडे प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाच्या दिवसांत, म्हणजे २०१५ च्या सुमारास रुळला. हा शिक्का एकदा बसला की त्या माणसाचा फोन काही गप्प बसत नाही. सरल झालं, यू-डायस प्लस आलं, शिष्यवृत्तीचं पोर्टल आलं. परभणी जिल्ह्याचे तालुके नऊ. जिंतूरकडच्या डोंगरातल्या तांड्यावरून फोन येतो तसा पालम, सोनपेठकडूनही येतो, आणि सुरुवात ठरलेली असते. "सर, बटणच दिसंना गेलंय."

कोणतं बटण, कोणत्या पानावर, वर की खाली, हे फोनवरून समजून घेण्यात अर्धा तास जातो. म्हणून मग एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्रोम रिमोट डेस्कटॉप, रस्टडेस्क अशी साधनं. तिकडचा पडदा इकडे दिसतो, परवानगी दिली तर इकडचा माऊस तिकडे चालतो. घरच्या वायफायवर हे दोन मिनिटांत जुळतं. शाळेच्या लॅबमध्ये मात्र नंबर येता येत नाही, गोल फिरत राहतं. आजचा लेख त्या फिरणाऱ्या गोलाबद्दल आहे. पालकांनी मधला तांत्रिक भाग सोडला तरी चालेल, पण शेवट जरूर वाचावा.

आधी एक सांगतो, की मी या भानगडीत पडलो कशाला. रिमोट नव्हतं तेव्हा मदत मागण्याची आपली पद्धत काय होती, आठवा. "सर, लॉगिन-पासवर्ड ग्रुपवर टाकते, तुम्हीच करून टाका." शंभरेक जणांच्या ग्रुपवर शाळेचा पासवर्ड! त्या लॉगिनच्या आत पोरांची नावं, जन्मतारखा, बापाचं उत्पन्न, बँकेचे खाते क्रमांक. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, पण कायदा नसता तरी ही गोष्ट बरी नव्हतीच. रिमोटमध्ये पासवर्ड ज्याचा त्यानेच टाकायचा, ओटीपी ज्याच्या मोबाइलवर आला त्याच्याकडेच राहतो. माझ्या दृष्टीने रिमोटचा पहिला फायदा हा. वेळ वाचतो तो दुसरा.

आता प्रत्यक्ष प्रसंग. जिंतूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत एक मॅडम त्या वर्षी नव्यानेच शिष्यवृत्तीचं काम बघत होत्या. शाळेतली एक मुलगी आठवीला एनएमएमएस परीक्षा पास झालेली. ही शिष्यवृत्ती नववी ते बारावी मिळते, महिन्याला १,००० रुपये, वर्षाचे १२,०००, चार वर्षांचे ४८,०००. मुलीचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. त्या घरात हा आकडा म्हणजे पोरगी बारावीपर्यंत शाळेत राहते की नाही, याचाच प्रश्न. मुलीने राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरला होता आणि शाळेने तो पडताळून पुढे पाठवायचा होता. शेवटच्या तारखेला तीन दिवस उरलेले. मॅडमचा फोन, "सर, नावात फरक दाखवतंय. लाल बटण दाबू का?"

त्या पानावर दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एकाने अर्ज दुरुस्तीसाठी मुलीकडे परत जातो, दुसऱ्याने तो नाकारला जातो. मॅडम कोणत्याला 'लाल बटण' म्हणत होत्या ते मला फोनवर कळेना. "काहीच दाबू नका," म्हटलं, "मला बघू द्या." आणि बघता येईना, कारण लॅबच्या नेटवर रिमोट जोडलंच जात नव्हतं.

अशा वेळी बहुतेक जण काय करतात? एक ॲप काढून दुसरं टाकतात. दुसरं काढून तिसरं. संगणकावर चार ॲपं जमा होतात आणि एकही चालत नाही. मी एकच विचारतो, दोष संगणकात आहे की नेटवर्कमध्ये? हे ठरवायला साधी चाचणी आहे. तोच संगणक थोडा वेळ मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्यायचा. तिथे चाललं तर संगणक निर्दोष, अडवतंय ते नेटवर्क. तिथेही नाही चाललं तर आधी संगणक तपासा. (शाळेचा संगणक परक्या नेटवर जोडायचा म्हणजे मुख्याध्यापकांना विचारून. मॅडमनी विचारलं, सरांनी लगेच हो म्हटलं.)

हॉटस्पॉटवरही चाललं नाही. मी म्हटलं, "मॅडम, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दाखवतंय?" थोडा वेळ शांतता. मग हसत, "सर, २०१२!"

हसण्यासारखं आहे, पण आपल्या शाळांतल्या जुन्या संगणकांचा हा अगदी नेहमीचा आजार. मदरबोर्डवर एक गोल बटण सेल असतो, सीआर२०३२ नावाचा. तो संपला की वीज गेल्यावर संगणकाचं घड्याळ मागे जातं. आणि आपल्याकडे वीज तर रोजच जाते. घड्याळ चुकलं की काय बिघडतं? प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध. संगणकाला २०१२ साल वाटत असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नाही. तो म्हणतो, हे खोटं आहे, मी बोलणार नाही. रिमोटची ॲपंही तसंच प्रमाणपत्र तपासतात, म्हणून तीही गप्प. ब्राउझरमध्ये येणारी लाल सूचना मॅडम रोज पुढे ढकलत होत्या, ती या सेलमुळे होती. घड्याळाच्या दुकानातसुद्धा हा सेल मिळतो. पण त्या दिवशी नुसती तारीख दुरुस्त केली आणि हॉटस्पॉटवर रिमोट जोडलं गेलं.

जुन्या संगणकाबद्दल आणखी एक. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला थांबवला आणि क्रोमची १०९ ही आवृत्ती त्यावर चालणारी शेवटची. त्यामुळे नवं ॲप अशा संगणकावर रुसलं तर नेटला बोल लावू नका.

सिग्नलच्या दोनच कांड्या होत्या. चित्राची प्रत कमी केली, वॉलपेपर बंद केला, तेव्हा पडदा सरकू लागला. आणि मला दिसलं. मॅडम ज्याला लाल बटण म्हणत होत्या ते नाकारण्याचंच होतं. अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवला. मुलीने आधारप्रमाणे नाव नीट केलं, दुसऱ्या दिवशी मॅडमनी तपासून पुढे पाठवला.

हे काम भागलं, पण प्रश्न तसाच राहिला. लॅबच्या नेटवर रिमोट अजूनही जोडलं जात नव्हतं, आणि दर वेळी मॅडमच्या मोबाइलचा डेटा का संपवायचा? म्हणजे संगणकाचा दोष सुटा होता आणि नेटवर्कची अडवणूक सुटी होती. दोन्ही एकदम असली की माणूस भांबावतो, म्हणून तर ती हॉटस्पॉटची चाचणी.

आता नेटवर्क अडवतं म्हणजे काय करतं? शाळेचं गेट डोळ्यासमोर आणा. बाहेरून कोणी आत यायचं म्हटलं तर शिपाईमामा अडवणार. आतलं कोणी बाहेर जाऊन पोस्टातून पत्र घेऊन आलं तर मात्र कोणी अडवत नाही. नेटवर्कचंही असंच. आतून बाहेर जाणारी जोडणी चालते, बाहेरून आत येणारी नाही. विंडोजमधली जी मूळची रिमोट डेस्कटॉप सोय आहे ती बाहेरून आत येऊ पाहते, ३३८९ नंबरच्या खिडकीतून. संगणकाच्या भाषेत या खिडक्यांना पोर्ट म्हणतात. त्यामुळे ती गेटवरच थांबते. शिवाय विंडोजच्या होम आवृत्तीत आपल्या संगणकावर दुसऱ्याला घेण्याची ती सोय मुळातच नसते.

एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर वेगळी युक्ती करतात. जिंतूरच्या माणसाला गंगाखेडच्या माणसाला भेटायचंय, पण एकमेकांच्या घरी जाता येत नाही. मग दोघंही परभणीच्या स्टँडवर येतात आणि तिथे भेटतात. तसे हे दोन्ही संगणक आपापल्या गेटमधून बाहेर पडून कंपनीच्या सर्व्हरवर भेटतात. आपण जो नऊ-दहा आकडी नंबर सांगतो तो म्हणजे, स्टँडवर कोणत्या फलाटापाशी उभा आहे, ती खूण. कधी कधी भेट झाल्यावर दोघांना थेट वाट सापडते, मग वेग वाढतो. नाहीच सापडली तर सगळं बोलणं स्टँडमार्गेच. चालतं, पण हळू.

मग ही युक्ती लॅबमध्ये का फसते? एक तर बाहेर पडायच्या खिडक्याही मोजक्याच उघड्या ठेवलेल्या असतात, बहुधा ८० आणि ४४३, म्हणजे संकेतस्थळं बघण्याच्या. टीमव्ह्यूअर आधी ५९३८ वर प्रयत्न करतं, मग ४४३, मग ८०. एनीडेस्कला ८०, ४४३ आणि ६५६८ यांपैकी एक मिळाली तरी पुरते. म्हणजे नुसत्या खिडक्या बंद असत्या तरी ही साधनं ४४३ वरून निघाली असती. पण आजकालच्या फायरवॉल खिडकीच्या नंबरावर थांबत नाहीत. जाणाऱ्याचा चेहरा बघतात. 'हे रिमोट ॲक्सेस आहे' असं ओळखलं की तो अख्खा वर्गच बंद. काही ठिकाणी फायरवॉल मधेच पाकीट उघडून, वाचून, स्वतःचा शिक्का मारून पुढे पाठवते. ब्राउझरला तो शिक्का चालतो, कारण संगणकावर तशी व्यवस्था केलेली असते. रिमोटचं ॲप मात्र म्हणतं, पाकीट फोडलेलं दिसतंय, मी घेणार नाही. काही लॅबमध्ये प्रॉक्सी असते. ब्राउझरला तिचा पत्ता दिलेला असतो, ॲपला दिलेला नसतो. हे शेवटचं कारण असेल तर ते सर्वात सोपं, ॲपच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा पत्ता भरला की झालं.

या टप्प्यावर कोणी तरी हुशार माणूस भेटतो. तो म्हणतो, एक फुकटचं व्हीपीएन टाका, फायरवॉलला कळणारही नाही. किंवा, राउटरमधून ३३८९ ची खिडकी उघडून देतो, कायमची कटकट मिटेल. दोन्हीला माझा ठाम नकार आहे, आणि का ते सांगतो.

खिडकी उघडी ठेवली की ती तुमच्या एकट्यासाठी उघडी राहत नाही, सगळ्या जगासाठी राहते. उघडी ३३८९ शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात आणि पासवर्ड लावून बघतात. आपले पासवर्ड कसे असतात? शाळेचं नाव आणि १२३. मे २०१९ मध्ये याच सोयीत 'ब्लूकीप' नावाचं भगदाड सापडलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने कधीच बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. एवढं ते गंभीर होतं. शिवाय शाळेचं नेट मोबाइल सिमच्या राउटरवर असेल तर हा उपाय बहुधा चालणारच नाही, कारण तिथे अनेक ग्राहक मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरत असतात. राउटरच्या पानावर तुमचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर समजा, तो पत्ता तुमचा एकट्याचा नाही. खिडकी उघडून उपयोग काय, भिंतच दुसऱ्याची आहे.

आणि चोरवाट? फायरवॉल काही आपल्याला त्रास द्यायला बसवलेली नसते. त्याच लॅबमध्ये सहावी-सातवीची पोरं बसतात. फुकट व्हीपीएनवाल्याच्या हातून मुलांची माहिती जाऊ द्यायची, तीही आपण स्वतः? माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय संगणकात वा नेटवर्कमध्ये शिरण्याबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे. शिक्षकाने त्या वाटेला जाऊच नये.

मग करायचं काय? विचारायचं! आश्चर्य वाटेल, पण जे नेटवर्क सांभाळतात त्यांना सरळ विचारलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. आपण 'रिमोट चालू करून द्या' एवढंच म्हणतो, आणि ते 'नाही' म्हणतात. त्यांच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं. मागणी अशी करा की समोरच्याला हो म्हणणं सोपं जावं. मॅडमच्या शाळेने मुख्याध्यापकांच्या सहीने दिलेल्या अर्जाचा मजकूर साधारण असा होता:

"शिष्यवृत्ती पडताळणीच्या कामात तांत्रिक मदत घेण्यासाठी आमच्या कार्यालयातील एका संगणकावरून, शालेय वेळेत, शेवटच्या तारखेपर्यंत, क्रोम रिमोट डेस्कटॉपच्या पत्त्याकडे ४४३ पोर्टवरून बाहेर जाणारी जोडणी सुरू ठेवावी. बाहेरून आत येणाऱ्या जोडणीची आवश्यकता नाही. विद्यार्थ्यांच्या लॅबमधील संगणकांवर ही सोय नको. काम संपल्यावर बंद करावी."

बघा, यात एक संगणक आहे, एक पत्ता आहे, वेळ आहे, शेवट आहे. 'आत येणारी जोडणी नको' या एका वाक्याने समोरच्या माणसाचा अर्धा जीव भांड्यात पडतो. परवानगी मिळायला आठवडा लागला. सरकारी कामाच्या मानाने मी त्याला लवकरच म्हणेन.

क्रोम रिमोट डेस्कटॉपच का, असं तुम्ही विचाराल. रिमोटडेस्कटॉप डॉट गुगल डॉट कॉम हा पत्ता अर्जात सांगणं सोपं पडतं, हे एक. त्यातल्या मदतीच्या प्रकारात समोरचा माणूस बारा आकडी कोड तयार करतो, तो पाच मिनिटांतच बाद होतो. काम चालू असताना दर अर्ध्या तासाने 'अजून दाखवायचंय का' असं विचारलंही जातं. विसरून चालू राहण्याची भीती कमी. तरी चोख असं कोणतंच साधन नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्क कंपनीनेच जाहीर केलं की त्यांच्या यंत्रणेत कोणी तरी शिरलं होतं, आणि सगळ्यांना नवी आवृत्ती घ्यायला सांगितलं. म्हणून कोणतंही घेतलं तरी ते अद्ययावत ठेवा. आणि कायमचा पासवर्ड लावून 'मी कधीही घरून बघेन' ही सोय शाळेच्या संगणकावर लावू नका. समोर खुर्चीत माणूस बसलेला असेल तेव्हाच जोडायचं.

एक बारीक अडचण नेहमी येते, ती लिहून ठेवतो. मधेच इकडचा पडदा काळा होतो किंवा गोठतो, आणि आपल्याला वाटतं नेट गेलं. पुष्कळदा तिकडे विंडोजने 'हा बदल करू द्यायचा का?' असं विचारलेलं असतं. तो प्रश्न दूरच्या माणसाला दिसत नाही. खुर्चीतल्या माणसानेच 'हो' किंवा 'नाही' करायचं. फोन चालू ठेवा आणि "काही विचारायलंय का?" एवढं विचारा.

आता मला सगळ्यात जास्त खटकणाऱ्या गोष्टीकडे येतो. रिमोट जुळलं की मदत मागणारा माऊस सोडून देतो, हात मागे घेतो आणि चहा मागवतो. काम होतं, शिकणं होत नाही. पुढच्या वर्षी त्याच तारखेला तोच फोन. आपण वर्गात पोराच्या हातातली पाटी घेऊन गणित सोडवून देतो का? म्हणून मी 'फक्त बघणे' एवढीच परवानगी घेतो. माऊस मॅडमच्याच हातात. मी म्हणतो, "वर बघा, डावीकडे, तिथं काय लिहिलंय ते वाचा." वेळ तिप्पट लागतो, काही जण वैतागतातही. एका सरांनी तर तोंडावर म्हटलं, "तुम्हाला दोन मिनिटांचं काम, आम्हाला कशाला छळायले?" पण याच मॅडमनी पुढच्या वर्षी शाळेचे सगळे अर्ज एकटीने पडताळले आणि शेजारच्या शाळेला फोनवरून तारीख दुरुस्त करायला लावली, हेही खरं.

पालकहो, आता तुमच्यासाठी. वर जे साधन मी मदतीला वापरतो, तेच साधन चोरही वापरतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कच्या नावाने बँकांना सावध केलं होतं. रीत ठरलेली असते. फोन येतो, केवायसी संपलं, वीज तोडणार, मुलाची शिष्यवृत्ती अडकलीय. 'एक छोटं ॲप टाका, मी इथून करून देतो. नऊ आकडी नंबर सांगा.' तुम्ही नंबर सांगता, 'परवानगी द्या' दाबता, आणि तुमच्या मोबाइलवर आलेला ओटीपी तिकडे तुमच्याबरोबरच वाचला जातो. सोयाबीन विकून, कापूस विकून आलेला पैसा खात्यावर असतो तेव्हा असा फोन जास्त महागात पडतो. पैसे गेलेच तर लाज वाटून घरी बसू नका. १९३० या नंबरवर तेवढ्याच घाईने फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधे अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आमच्या पालकसभेत हे सांगून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात वर केला. "गुरुजी, अन् तुमचाच फोन आला तर? तुमचा आवाज काढून कोणी बोललं तर आम्हाला कसं कळावं?"

मी म्हटलं, "बाबा, मी फोन करून कधी नंबर मागणार नाही. अडचण तुमची, तर फोनही तुमचाच यायला पाहिजे. माझ्या नावाने आला तर ठेवून द्या, आणि तुमच्या वहीत लिहिलेल्या माझ्या नंबरावर उलटा फोन लावा."

आजोबांनी नातवाला वही काढायला लावली.